दोन दिवसांची आई

“आधी हात धुऊन घ्या हं! बाळांना बाहेरचे जंतू मुळीच चालत नाहीत!” असं म्हणत त्या बाईंनी मुनीला आणि तिच्या आईला बेसिनपाशी नेलं, साबण दिला, मऊ टॉवेल दिला आणि मगच आतल्या खोलीचं दार उघडलं.

खोली कशी लख्ख होती! खिडकीला फुलाफुलांचे पडदे, कोपऱ्यात रबरी खेळणी आणि मधोमध जाडजूड गादी. गादीवर बदामी रंगाची एक कुत्री आडवी पडली होती. तिचा डावा कान टोकाशी फाटलेला होता. तिच्या पोटाशी चार तपकिरी पिल्लं एकमेकांवर चढत, घसरत, कुंई कुंई करत होती.

“बघा! आई समोर, पिल्लं समोर! दुकानासारखा लपवाछपवीचा कारभार नाही आपल्याकडे. घरची लेकरंच आहेत ही!” बाई म्हणाल्या. त्यांचं बोलणं इतकं गोड होतं, की मुनीने मनातल्या मनात त्यांचं नाव गोडमावशी ठेवून टाकलं.

एवढ्यात एक पिल्लू धडपडत आलं आणि मुनीच्या बुटाची नाडी ओढायला लागलं. त्याच्या शेपटीचं टोक वाकडं होतं, अगदी प्रश्नचिन्हासारखं!

“हेच!” मुनी म्हणाली.

आईने तिच्याकडे चमकून पाहिलं. मुनी आपण होऊन बोलली होती! बारा वर्षांच्या या मुलीला मुनी हे नाव पडलं होतं तेच मुळी तिच्या गप्प राहण्यावरून. आई नर्स, तिच्या सतत बदल्या. बाबा मालवाहू जहाजावर, सहा सहा महिने समुद्रात. पाच वर्षांत मुनीची ही चौथी शाळा होणार होती. पहिल्या शाळेत तिला खूप मैत्रिणी होत्या. दुसरीत दोन. तिसरीत ती कुणाशी फारशी बोललीच नाही. ओळख करून घ्यायची आणि मग सामान बांधायचं, त्यापेक्षा ओळखच नको! आणि आता या नव्या गावात, लांबलचक सुट्टीत, आई कामावर गेली की घरात फक्त भिंतीवरचं घड्याळ तेवढं बोलायचं. म्हणूनच आईने कुत्रा आणायचं कबूल केलं होतं.

पण कुत्रा आणायचा कुठून? त्या आधी निराधार प्राण्यांच्या निवाऱ्यात गेल्या होत्या. तिथल्या ताईंनी एक अर्ज पुढे केला. त्यात प्रश्न होता : कुत्रा दिवसातून किती तास घरात एकटा राहील? आईला खोटं लिहिता येईना. तिने लिहिलं, नऊ ते दहा.

“मग आत्ता नाही देता येणार,” ताई म्हणाल्या. “कुत्रं इतका वेळ एकटं राहिलं तर झुरतं हो.”

 परत येताना सबंध रस्ताभर मुनीच्या मनात येत राहिलं, मग मुलगी एकटी राहिलेली चालते का?

नंतर बाजारातलं दुकान. तिथे काचेच्या पेट्यांत पिल्लं झोपली होती. दुकानदार म्हणाला, “परदेशी वंशावळ आहे! कागदपत्रं देतो, डोळे झाकून न्या!” आईला ते डोळे झाकणं काही पटलं नाही. म्हणून हे तिसरं ठिकाण.

आईने फोनवरून बाबांना दाखवायला म्हणून मुनीला फोटो काढायला सांगितले. मुनीने गादीचा फोटो घेतला आणि तिच्या लक्षात आलं, की कुत्री भिंतीकडे तोंड करून पडली आहे. पिल्लू तिच्या मानेवर चढलं तरी तिने मान वळवली नाही. त्याला चाटलं नाही की हुंगलं नाही.

“ही पिल्लांकडे बघत का नाही?” मुनीने हळूच विचारलं.

“दमलीय गं बिचारी! चार चार लेकरं सांभाळायची म्हणजे काय खायचं काम आहे?” गोडमावशी हसल्या. आईही हसली. रविवारी आईला सुट्टी होती. त्या दिवशी वाकड्या शेपटीचं पिल्लू न्यायचं ठरलं.

“तुमच्यासाठीच राखून ठेवते. माझा शब्द आहे!” गोडमावशींनी निरोप देताना सांगितलं.

हे झालं मंगळवारी.

गुरुवारी सकाळी दाराची घंटा वाजली. शेजारच्या घरातली दोन मुलं उभी होती. मुलगा मुनीएवढाच, त्याची बहीण थोडी मोठी.

“तुझ्याकडे कुत्रा येणारे ना? आम्हाला माहितीय! भिंत पातळ आहे, सगळं ऐकू येतं! कुठला आणणार? भुंकेल का? चावेल का? पट्टा घेतलास का? नाही घेतलास? चल, आम्ही बाजारातच चाललोय!” मुलगा एका दमात म्हणाला.

“सगळं ऐकू येत नाही,” बहीण म्हणाली. “फक्त ‘कुत्रा’ एवढंच ऐकू आलं. बाकीचं याने मनाने जोडलंय. आम्ही याला बडबड्या म्हणतो.”

“आणि हिला शंका! आज सूर्य उगवला असं सांगितलं, तरी ही खिडकी उघडून खात्री करून घेते!”

मुनी ‘नको’ म्हणणार होती. दर वेळी ती तेच म्हणायची. पण पट्टा खरंच घ्यायचा राहिला होता. तिने आईला फोन करून विचारलं आणि बूट घातले.

बाजारातल्या दुकानात बडबड्या दुकानदाराला पट्ट्यांचे एकोणीस प्रकार काढायला लावत होता. मुनी काचेच्या पेट्यांपाशी उभी होती. आणि एकदम ती दचकली. तिसऱ्या पेटीत एक तपकिरी पिल्लू तिच्याकडे बघत होतं. ते उठलं, वळलं आणि...

“हे माझं पिल्लू आहे!” मुनी पुटपुटली.

“काय?” शंका जवळ आली.

“ही शेपटी बघ. मंगळवारी हे त्या मावशींच्या घरी होतं!”

“वाकड्या शेपटीची पिल्लं जगात दोन असू शकतात,” शंका म्हणाली. “दुकानदारकाका, हे कुठून आलं हो?”

“ते? आज सकाळीच मोठ्या शहरातून आलंय. रात्रभर प्रवास करून! जातिवंत माल आहे!”

मुनीने आपला एक पाय पुढे करून काचेशी टेकवला. पिल्लू तडक धावलं आणि आतून तिच्या नाडीवर पंजे मारायला लागलं.

“हं,” शंका म्हणाली. “आता मात्र मला शंका यायला लागली.”

मुनीने तिथूनच पुन्हा आईला फोन लावला. आईने दवाखान्यातून घाईघाईत गोडमावशींना विचारलं आणि पाचच मिनिटांत मुनीला उलटा फोन केला. “अगं, त्या म्हणाल्या, पिल्लू त्यांच्या मांडीवर झोपलंय! सगळी पिल्लं सारखीच दिसतात, बाळा. मला आता वॉर्डात जायचंय.”

फोन बंद झाला. मुनीला रडूच यायला लागलं. पिल्लू तर इथे, तिच्या डोळ्यांसमोर होतं!

“रडतेस काय? मांडीवर झोपलंय म्हणे ना? मग ती मांडी बघूनच येऊ!” बडबड्या म्हणाला.

पण लहान मुलांना कोण दारात उभं करणार? म्हणून दुपारी आजोबांना बरोबर घेतलं. ते या दोघांचे आजोबा. तीस वर्षं पोस्टमन होते. आता घरी बसून दोन्ही गुडघ्यांना आलटूनपालटून शिव्या देत असत. सगळं ऐकल्यावर त्यांनी काठी उचलली. “पत्ता सांगा!”

मुनीला गोडमावशी ओळखत होत्या, त्यामुळे ती कोपऱ्यावरच्या बाकावर आजोबांजवळ थांबली. “आजोबांना पिल्लू बघायचंय, पण त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही आधी बघून जातो,” असं सांगून ती दोघं आत गेली. आणि त्यात खोटं एक अक्षर नव्हतं!

मुनी बाकावरून गल्लीकडे बघत होती. घराच्या मागच्या दाराशी पांढरी गाडी येऊन थांबली. गाडीवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘शुभ्र लॉन्ड्री’. एका मिशाळ माणसाने झाकलेली टोपली उतरवून आत नेली. चादरींची टोपली. पण तो ती अशी जपून का नेत होता? आणि चादरी कधी कुंई करतात का?

पाव तासाने दोघं धावत बाहेर आली. बडबड्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता! त्याच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडलं असावं. शंकाने नुसता फोन पुढे केला.

फोटोत तीच खोली होती. तीच गादी. तीच बदामी कुत्री, डावा कान फाटलेला, तोंड भिंतीकडे. आणि तिच्या पोटाशी पाच पिल्लं. काळी कुळकुळीत!

“आम्ही विचारलं, ही हिचीच का? तर म्हणाल्या, ‘अगदी पोटची!’” शंका म्हणाली.

मुनीने आपल्या फोनवरचा मंगळवारचा फोटो शेजारी धरला. दोन दिवसांपूर्वी चार तपकिरी लेकरांची आई. आज पाच काळ्या लेकरांची. शनिवारी कुणाची?

“ही कुणाचीच आई नाही,” मुनी हळू आवाजात म्हणाली. “हिला नुसतं दाखवायला ठेवलंय. म्हणून ती बघत नाही. बघितलं, जीव लावला, की दोन दिवसांनी पिल्लं नेतातच. मग बघायचंच कशाला?”

 इतकं मोठं वाक्य आपण बोललो, हे मुनीच्या लक्षातही आलं नव्हतं.

आजोबा मात्र कपाळाला आठ्या घालून पांढऱ्या गाडीकडे बघत होते. “शुभ्र लॉन्ड्री? बर्फाच्या कारखान्यामागची? अरे, ती बंद पडून तीन वर्षं झाली! तिथली पत्रं मी स्वतः परत पाठवलीत, ‘पत्त्यावर कोणी नाही’ असा शेरा मारून!”

शुक्रवारी सकाळी तिघं सायकली घेऊन निघाली. “दर अर्ध्या तासाने मला फोन. आणि आत पाय टाकायचा नाही!” आजोबांनी बजावलं होतं.

लॉन्ड्रीचं धुराडं गार होतं. फाटकावर गंज चढलेला. पण मातीत टायरच्या ताज्या खुणा होत्या आणि वाऱ्याबरोबर असा काही वास आला, की शंकाने ओढणी नाकाला लावली. मागच्या बाजूला कुंपणाला लागून एक जाळीची खिडकी होती. मुनी सायकलच्या कॅरिअरवर चढली आणि तिने आत डोकावलं.

पूर्वी जिथे कपडे वाळत असतील, त्या लांब खोलीत पिंजरे होते. एकावर एक, तीन रांगा. प्रत्येकात एक कुत्री. काहींपाशी पिल्लं, काहींपाशी नुसती रिकामी वाटी. एवढे कुत्रे, आणि भुंकणं नाही! मुनीने जाळीतून बोट आत घातलं. सगळ्यात जवळची कुत्री पुढे आली नाही. मागे सरकली.

मुनीने फोटो काढले. 

तेवढ्यात गाडीचा आवाज आला. मिशाळाने आतल्या अंगाला गाडी लावून मागचं दार उघडलं. बदामी कुत्री खाली उतरली. तिला ओढावं लागलं नाही, हाकलावं लागलं नाही. ती एकटीच चालत रांगेच्या शेवटी गेली, उघड्या पिंजऱ्यात शिरली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मिशाळाने न बघताच पायाने दार लोटलं.

मुनीला नव्या घरातली आपली खोली आठवली. आई कामावर गेली की ती अशीच पडून राहायची.

“ए! कोण आहे तिकडे?”

मिशाळाने त्यांना बघितलं होतं! तो बाहेर येईपर्यंत मुनी खाली उतरली. बडबड्या पुढे झाला. “काका, शाळेचा गणवेश धुवायला टाकायचाय! शाईचे डाग आहेत, निघतील ना? माझ्या मित्राचे निघाले नव्हते, पण ते डांबराचे होते, आणि...”

“लॉन्ड्री बंद आहे! पळा!”

“बंद आहे, मग गाडीतून टोपल्या कसल्या येतात?” शंकाने विचारलं.

विचारलं मात्र, आणि तिने जीभ चावली. पण उशीर झाला होता. मिशाळाचे डोळे बारीक झाले. तिघांनी सायकलींवर टांग टाकली आणि जी धूम ठोकली, ती मोठा रस्ता येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

“माझं हे तोंड!” शंका धापा टाकत म्हणाली. “आता ते सावध होणार!”

“तुझ्या तोंडाचं काय घेऊन बसलीस? मी तर रोजच असं करतो!” बडबड्याने तिची समजूत घातली.

आता जायचं कुठे? मुनीला एकच जागा माहीत होती. तिथे पुन्हा जायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण ती गेली. निवाऱ्यातल्या ताई एका लंगड्या कुत्र्याला औषध पाजत होत्या.

“तू ती त्या दिवशीची ना? बाळा, मी सांगितलं होतं...”

“मला कुत्रा नकोय,” मुनी म्हणाली. “मला तुम्हाला काहीतरी दाखवायचंय.”

बडबड्याने बोलायला तोंड उघडलं, पण शंकाने त्याला कोपराने ढोसलं. मुनीच बोलली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मध्ये एकदा थांबली आणि पुन्हा सुरू झाली. दोन्ही फोटो बघितल्यावर ताईंनी औषधाची बाटली खाली ठेवली.

“दोन वर्षं कुणीतरी आमच्या फाटकाशी म्हाताऱ्या कुत्र्या सोडून जातंय,” त्या म्हणाल्या. “पोटं लोंबलेली, पायांवर गजांचे वळ. कुठून येतात, शोधून शोधून थकलो आम्ही. आज कळलं!”

“सगळे पिल्लंवाले असेच असतात का?” शंकाने विचारलं.

“छे, छे! चांगली माणसंही आहेत. कशी ओळखायची सांगू? चांगला माणूस तुम्हालाच शंभर प्रश्न विचारतो आणि पिल्लं खरोखर वाढतात ती जागा दाखवतो. जो काहीच विचारत नाही, त्याला पिल्लू कुठे जातं त्याची फिकीर नसते.”

मुनीला आठवलं, गोडमावशींनी त्यांना एकच गोष्ट विचारली होती. कधी नेताय? आणि या ताईंनी सबंध पानभर प्रश्न विचारले होते.

ताईंनी लगेच प्राणी-संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांना फोन लावला. पण झडतीचा परवाना शनिवारी अकरापर्यंत मिळणार होता.

शनिवारी आईची दुपारची पाळी होती. सकाळी साडेनऊला तिचा फोन खणखणला. “कोण? हो, हो. आजच? बरं...” तिने फोन ठेवला. “मुनी, त्या बाई बाहेरगावी चालल्यात. पिल्लू आत्ताच घेऊन जा म्हणतायत.”

मुनीने आईचा हात धरला. आदल्या संध्याकाळी आई थकून आली आणि झोपून गेली, म्हणून सांगायचं राहिलं होतं. आता तिने एक एक फोटो आईपुढे धरला. आई खुर्चीत बसली. “आणि मी म्हटलं, सगळी पिल्लं सारखीच दिसतात!” ती म्हणाली. “चल. पण माझ्याशिवाय तिथे पाऊल टाकायचं नाही.”

“म्हणजे ते पळायच्या बेतात आहेत!” म्हणत आजोबांनी ताईंना फोन केला आणि सगळी वरात बर्फाच्या कारखान्यामागे निघाली.

फाटक सताड उघडं होतं. गाडी टोपल्यांनी आणि पिंजऱ्यांनी खच्चून भरलेली. पुढे मिशाळ, शेजारी गोडमावशी. साडेदहा वाजले होते!

“चेन!” शंका ओरडली आणि बरोबर फाटकाच्या मधोमध सायकल आडवी टाकून चेन बसवायला बसली. दोन्ही बाजूंना भिंती. गाडी जाणार कशी?

पों पों!

“एक मिनिट हं काका! घट्ट आहे!”

“अगं आई गं!” आजोबांनी तिच्याशेजारीच बसकण मारली. “गुडघा! गेला माझा गुडघा! आता मला क्रेननेच उचला!”

“बाजूला व्हा!” मिशाळ खाली उतरला. बडबड्या त्याच्यासमोर उभा. “काका, आजोबांना हलवू नका! मागे एकदा हलवलं तर दुसरा गुडघाही गेला! बरं, आम्हाला कुत्रा घ्यायचाय. डाव्या कुशीवर झोपणारा चांगला की उजव्या? आणि मिश्या मोठ्या असल्या की कुत्रं हुशार असतं का? म्हणजे माणसांचं मला माहितीय, नसतं...”

मिशाळाचा चेहरा टोमॅटो झाला!

गोडमावशी मात्र शांतपणे उतरल्या. त्यांनी मुनीला ओळखलं. गाडीतल्या एका टोपलीत हात घालून त्यांनी वाकड्या शेपटीचं पिल्लू काढलं आणि मुनीच्या हातात दिलं.

“घे गं राणी. तुझंच आहे. कशाला हवी ही भांडणं? पिल्लू घे, आईला घेऊन घरी जा, आणि झालं गेलं विसरून जा. हं?”

पिल्लू गरम होतं. त्याने मुनीच्या हनुवटीखाली नाक खुपसलं आणि एक लांब उसासा टाकला. किती दिवस तिला हेच हवं होतं! आत्ता मागे वळायचं, चालायला लागायचं, एवढंच काम. घरी घड्याळाशिवाय आणखी कुणीतरी असणार होतं.  आई फक्त मुनीकडे बघत होती.

मुनीने पिल्लू छातीशी आणखी घट्ट धरलं.

“मला ह्याची आई बघायचीय,” ती म्हणाली.

“दाखवली की मंगळवारी!”

“ती नाही. ह्याची खरी आई.” मुनीचा आवाज आता फाटकापर्यंत ऐकू येत होता. “ती कुठल्या पिंजऱ्यात आहे? सांगा ना!”

गोडमावशींनी गाडीकडे पाहिलं. मग मिशाळाकडे पाहिलं.  त्यांना माहीतच नव्हतं!

आणि तेवढ्यात अधिकाऱ्यांची जीप आली. मागोमाग निवाऱ्याची गाडी, त्यात ताई आणि जनावरांचे डॉक्टर. आजोबा टुणकन उठून उभे राहिले. “गुडघा बरा झाला!” ते म्हणाले.

एकतीस कुत्र्या आणि चव्वेचाळीस पिल्लं! दुकानातल्या पेट्यांतली आणि गोडमावशींच्या गादीवरची, सगळी इथलीच. दुकानात खपली नाहीत तर घरी, घरी खपली नाहीत तर दुकानात. आणि कागदपत्रं सगळी एकाच छापखान्यातली. त्या दिवशी दुकानालाही कुलूप लागलं आणि गोडमावशी व मिशाळ जीपमध्ये बसून गेले. मावशींचं बोलणं तेव्हा अजिबात गोड नव्हतं!

निवाऱ्याच्या अंगणात एक एक पिंजरा उघडत होते. मुनी पिल्लू घेऊन उभी होती. अचानक एका तपकिरी कुत्रीने मान वर केली. तिने हवेत वास घेतला. तिचं सगळं अंग हलायला लागलं. पुढच्याच क्षणी ती मुनीच्या पायांशी होती, उभी राहून पिल्लाला नाकापासून शेपटीच्या वाकड्या टोकापर्यंत चाटत होती.

मुनी खाली वाकली आणि तिने पिल्लू जमिनीवर ठेवलं. ते गेलं. त्याने मागे वळून पाहिलं नाही. मुनीने नाक पुसलं.

“शाब्बास, पोरी!” अधिकारी म्हणाले. “इतकी वर्षं आमच्या नाकाखाली हे चाललं होतं. तुम्ही मुलांनी आमचे डोळे उघडलेत. खात्याकडून तुमच्या शाळांना पत्र पाठवणार आहे मी!”

“पत्ता नीट लिहा म्हणजे झालं,” आजोबा म्हणाले. मग त्यांनी तिघांच्या डोक्यावर एकेक टपली मारली. त्यांच्या लेखी कौतुकाची याहून मोठी पद्धत नव्हती.

आईने मुनीला जवळ घेतलं. “तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही. चुकलं माझं.”

ताई अर्ज घेऊन आल्या. “दोन महिन्यांनी वाकड्या शेपटीला घर लागेल. पहिलं नाव तुझं लिहू?”

मुनीने अंगणाच्या टोकाकडे बोट दाखवलं. पिंजरा उघडून एक तास झाला होता, तरी बदामी कुत्री आतच पडून होती. “ती.”

“ती?” ताईंनी तिकडे वळून पाहिलं. “बाळा, तिचं वय झालंय. ती कदाचित कधी खेळायची नाही. कदाचित तुझ्याजवळही यायची नाही.”

“चालेल,” मुनी म्हणाली. “मलाही लगेच नाही जमत.”

अर्जातला तो प्रश्न मात्र तिथेच होता. किती तास एकटी राहील? आईचं पेन थांबलं.

“शून्य लिहा!” आजोबा म्हणाले. “मी दिवसभर घरी माश्या मारत असतो. दाराला दार लागून आहे. कुत्री माझ्याकडे राहील. आणि सुट्टीत ही मुनीसुद्धा. एकटीने जेवत बसते म्हणे! भिंत पातळ आहे, आम्हाला सगळं ऐकू येतं!”

मुनीने मान खाली घातली. पण या वेळी ती ‘नको’ म्हणाली नाही.

बदामी घरी आली. पहिला आठवडाभर ती आजोबांच्या खाटेखालून निघाली नाही. वाटी खाटेखाली सरकवावी लागे. मुनी शेजारी जमिनीवर बसून पुस्तक वाचायची, कधी मोठ्याने, कधी मनात. दुसऱ्या आठवड्यात बदामी एकदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली आणि परत गेली. बडबड्याने ही बातमी सबंध इमारतीला सांगितली. शंका म्हणाली, “मी स्वतः बघितल्याशिवाय मानणार नाही.” आणि दुसऱ्या दिवशी तिने बघितलं.

सुट्टी संपली. नव्या शाळेचा पहिला दिवस उजाडला. खाली बडबड्या आणि शंका हाका मारत होती. मुनीने दप्तर पाठीला लावलं. बदामी आजोबांच्या खोलीत सतरंजीवर होती. मुनी दाराबाहेर पडली, दोन जिने उतरली, आणि वरून एक आवाज आला. भुंकणं नव्हे, रडणंही नव्हे. बारीक, लांब, ओढलेला. तो आवाज त्या इमारतीत कुणीच कधी ऐकला नव्हता.

मुनी धावत वर आली. बदामी उंबऱ्याशी उभी होती. तिने मान वर केली आणि मुनीकडे सरळ बघितलं.

“कळलं बघ तिला, तू निघालीस ते!” आजोबा म्हणाले. “मघापासून बसेना की पडेना.”

आपण गेल्यावर कुणाला तरी करमणार नाही!  मुनी गुडघ्यांवर बसली आणि तिने त्या फाटक्या कानाशी तोंड नेलं.

“येते हं मी,” ती म्हणाली. “चार वाजता. नक्की येते.”